अठरा हॉर्सपॉवर: पहिल्या डर्ट रेससाठी गाडी शोधताना

मध्येच मागे गाडीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. मी वैतरणाला घरीच रेकॉर्ड करतोय आणि आमच्या खिडकीतून डहाणू लोकल जवळजवळ हात लावता येईल एवढ्यावरून जाते. हा मजकूर त्याच भागाचा आहे. बोलताना जसं तोंडातून आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, भातकापणी उरकल्यावर, मी पहिली डर्ट रेस केली. केली म्हणजे सुरू केली. स्पर्धा छोटी होती. मोकळ्या शेतात चुना टाकून आखलेला ट्रॅक आणि मधल्या दोन वळणांवर टँकरने पाणी मारून केलेला चिखल. गाडी मित्राकडून मागून आणलेली. नाव घेत नाही, पण चांगली महागाची, लांब टूरला नेतात तसली, दोनशे किलोच्या घरातली. पहिल्याच फेरीत ओल्या चिकणमातीत पडलो. लागलं काहीच नाही. उचलली, निघालो, पुढच्या वळणावर पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा उचलताना पाठीत अशी चमक भरली की मी तिथेच चिखलात बसलो. कडेची दोन पोरं धावत आली आणि गाडी उभी केली. त्यातला एक जेमतेम दहावीतला असेल. तो म्हणाला, "दादा, एवढी जड गाडी कशाला आणली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बीटेक झालोय, स्पेसिफिकेशन पाठ करण्यात आमच्या ग्रुपमध्ये माझा पहिला नंबर आहे, आणि हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

पाठ पंधरा दिवसांत बरी झाली. पण घरात विषय निघाला. पप्पांनी तीस वर्षं तारापूर एमआयडीसीत मशीनवर काढलीत, त्यामुळे त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी हिशेब मांडला. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, माझं काम बोटांवर चालतं, मनगट मोडलं तर दीड-दोन महिने कीबोर्ड बंद. "रेस कर, पण गाडी कामाला बघून घे. आणि पैसे एकदाच घालायचे." माझ्याकडे बाजूला टाकलेले दोन लाख आहेत. त्यात गाडी, बूट, हेल्मेट, एंट्री फी सगळं बसवायचं. म्हणजे चूक करायला जागा नाही.

मग मी शोधायला बसलो, आणि शोधता शोधता इतिहासात शिरलो. कारण मला एक गोष्ट कळेना. आमच्या पट्ट्यात, म्हणजे सफाळ्यापासून मनोर, विक्रमगड, जव्हारपर्यंत, पाड्यांवर जाणारे रस्ते बघा. मुरूम, दगड, पावसाळ्यात ओहोळ. इथे तर प्रत्येक घरासमोर ट्रेल बाईक उभी दिसायला हवी होती. ती का नाही?

थोडं मागे जाऊ. मातीत मोटरसायकल पळवायची हौस मोटरसायकलइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९२४ साली कॅम्बर्लीजवळ एक स्पर्धा झाली, तिथून 'स्क्रॅम्बल' हा शब्द रूढ झाला, आणि पुढे युरोपात त्याचंच मोटोक्रॉस झालं. पण त्या काळच्या गाड्या म्हणजे रस्त्याच्याच गाड्या. दिवे काढले, हँडल रुंद केलं, सायलेन्सर वर उचलला, झाली रेसची गाडी. पट्टीचे रायडर त्या चालवायचे. नवख्याला त्या झेपायच्या नाहीत.

बदल झाला १९६८ मध्ये. यामाहाने अमेरिकेत डीटी-१ नावाची गाडी आणली. २५० सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. पॉवर साधारण अठरा हॉर्सपॉवर आणि वजन एकशे दहा किलोच्या आसपास. दिवे, नंबरप्लेट सगळं होतं, म्हणजे सोमवारी कामाला न्या आणि रविवारी डोंगरात घाला. किंमत सामान्य माणसाला परवडणारी. अमेरिकेत तिच्यावर उड्या पडल्या. मग होंडा, सुझुकी, कावासाकी सगळे या शर्यतीत उतरले आणि सत्तरच्या दशकात 'ट्रेल बाईक' हा एक वेगळा वर्गच तयार झाला. आज अमेरिकेत किंवा जपानमध्ये जे लोक साठीत आहेत, त्यातल्या कितीतरी जणांनी मातीत पडायला याच गाड्यांवर सुरुवात केली.

तो अठराचा आकडा लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

आपल्याकडे १९६८ मध्ये काय होतं? परमिट राज. बाहेरची गाडी आणणं सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य, आणि देशात बनणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. बुलेट, राजदूत आणि जावा. यातली जावा आपल्या विषयाला सगळ्यात जवळची, आणि तिचा धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईचे रुस्तम इराणी आधी चेकोस्लोव्हाकियातून जावा आयात करून विकायचे. आयातीवर बंधनं आल्यावर त्यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्यांचं नाव येझदी झालं. आता गंमत बघा. जावाचीच चेक भावंडं, सीझेड कंपनीच्या गाड्या, साठच्या दशकात मोटोक्रॉसचं जग गाजवत होत्या. बेल्जियमच्या जोएल रॉबेरने १९६४ ची २५० सीसीची जागतिक स्पर्धा सीझेडवर जिंकली. म्हणजे त्या घराण्यात मातीचं रक्त होतं. आपल्याकडे आली ती मात्र त्यातली घरगुती, रस्त्यावरची शाखा. तरी लोकांनी तिच्यावर रॅली केल्या, मोटोक्रॉस केलं. काहीच नव्हतं, तर जे होतं ते मातीत घातलं.

पण मला खरी चुटपुट लागते ती पुढच्या टप्प्याची. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत चारही जपानी कंपन्या भारतात भागीदारीतून आल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, होंडा हिरोबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर आणि कावासाकी आपल्या बजाजबरोबर. या चौघांकडेही घरी ट्रेल बाईकची अख्खी रांग होती. यामाहाची डीटी, होंडाची एक्सएल, सुझुकीची टीएस, कावासाकीची केई. आणि आपल्याला चौघांनी काय दिलं? शंभर सीसीच्या रस्त्याच्या गाड्या. एएक्स १००, सीडी १००, आरएक्स १००, केबी १००.

यात कट-कारस्थान काही नाही. तेव्हाच्या घरात एकच गाडी असायची. तिच्यावर नवरा-बायको, पुढे टाकीवर पोरगं, हँडलला पिशव्या. पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते' हाच. साडेआठशे मिलिमीटर उंच सीटच्या गाडीवर साडी नेसलेली आई बसणार कशी? दूधवाल्याने दोन्ही बाजूंना कॅन लावायचे कसे? ट्रेल बाईक ही एकट्या माणसाची गाडी आहे, आणि आपल्याकडे एकट्या माणसासाठी गाडी घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. खराब रस्ता हे इथे ट्रेल बाईक घेण्याचं कारण ठरलंच नाही. खराब रस्त्यावरून राजदूत हळू चालवायची, एवढंच.

माझ्या मामाकडे आरएक्स १०० होती. सफाळ्याचा मामा. शंभर किलोच्या आसपास वजन, अकरा हॉर्सपॉवर. तरुणपणी त्याने तिचा सायलेन्सर वर वळवून घेतला होता, पुढचा मडगार्ड उंच बसवला होता आणि मागे कुठूनतरी मिळवलेला गुठळ्यांचा टायर. तांदुळवाडीच्या पायथ्याच्या वाटांवर तो ती पळवायचा. मी त्याला विचारलं, "मामा, पडायचास का?" तो म्हणाला, "रोज. पण एका हाताने उचलायचो." मला तेव्हा ही फुशारकी वाटली होती. नोव्हेंबरनंतर नाही वाटली.

मामासारखे हजारो होते. डर्ट रेसिंगमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत आरएक्स १०० आणि नंतर टीव्हीएस-सुझुकीची शोगन अशा हलक्या टू-स्ट्रोक गाड्या कापून, वेल्डिंग मारून उतरवल्या जायच्या. मुंबईत पावसाळ्यात चिखलातून स्कूटरची रॅली भरायची. स्कूटर, बारकी चाकं, रेंदा! १९९९ मध्ये रेड दे हिमालया सुरू झाली, तिथेही देशी गाड्याच वर चढल्या. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र तर आपल्या घरचीच. या सगळ्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. जुगाड गाडीवर शिकणं फार रोमँटिक नसतं. रस्त्याच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन साधारण बारा-तेरा सेंटिमीटर दबतं. बांधावरून उडी मारली की ते तळाला आपटतं आणि उरलेला धक्का तुमच्या मनगटात येतो. त्या पिढीतली कितीतरी मनगटं अशीच गेली असणार.

२००१ च्या एप्रिलपासून आयातीवरची संख्येची बंधनं उठली, पण कर एवढे की परदेशी डर्ट बाईक ही श्रीमंतांची किंवा टीमचीच राहिली.

आणि मग २०११. हिरो आणि होंडा वेगळे झाले आणि हिरोने नव्या नावाने ज्या पहिल्या गाड्या दाखवल्या, त्यात एक होती इम्पल्स. १५० सीसी, तेरा हॉर्सपॉवर, १३४ किलो, पुढचं चाक १९ इंची, लांब सस्पेन्शन. मूळची ती होंडाची ब्राझीलमधली ब्रॉस. ब्राझीलच्या खेड्यापाड्यांत, लाल मातीच्या रस्त्यांवर, ही गाडी म्हणजे आपल्याकडची स्प्लेंडर, इतकी रोजची. म्हणजे १९८४ मध्ये जे हुकलं ते २७ वर्षांनी, ६७ हजारांच्या आसपास किमतीत, दारात आलं होतं.

आणि आपण काय म्हटलं? "पॉवर नाही."

मी तेव्हा शाळेत होतो, मीसुद्धा हेच म्हणायचो. सगळे म्हणायचे. त्याच पैशात पंधरा हॉर्सपॉवरच्या रस्त्याच्या गाड्या मिळत होत्या आणि हायवेवर इम्पल्स मागे पडायची, हे खरंच होतं. पण ती गाडी हायवेसाठी नव्हतीच. काही वर्षांत ती बंद झाली. आज जुनी इम्पल्स चांगल्या अवस्थेत दिसली की ट्रेलवाले लोक तिच्याभोवती गोळा होतात आणि मालक विकायला तयार नसतो. माझ्या मते भारतातल्या नवख्या रायडरचं सगळ्यात मोठं नुकसान या 'पॉवर नाही' या दोन शब्दांनी केलंय, आणि त्यात माझाही वाटा आहे.

मध्ये आणखी एक विनोद घडत होता, तो तर महाराष्ट्रातच. केटीएम ही ऑस्ट्रियाची कंपनी मातीतल्या गाड्यांची बादशहा. २००१ ते २०१९ या काळात झालेली प्रत्येक डकार रॅली बाईकमध्ये केटीएमनेच जिंकली. बजाजने २००७ मध्ये तिच्यात हिस्सा घेतला आणि पुण्याजवळ चाकणला केटीएम बनू लागल्या. कुठल्या? ड्यूक. रस्त्याच्या. जगातली सगळ्यात नावाजलेली डर्ट कंपनी आपल्या चाकणमध्ये आणि आपण तिच्यावर सिग्नलला व्हीली मारतोय. तिची खरी ऑफरोड घडणीची ३९० एंड्युरो आर भारतात यायला २०२५ उजाडलं. ४६ हॉर्सपॉवर, तीन लाखांच्या वर. सुंदर गाडी आहे. माझ्यासारख्यासाठी नाही.

दरम्यान भारतीय माणूस डकारपर्यंत पोहोचला होता. बंगळुरूच्या सी. एस. संतोषने २०१५ मध्ये डकार पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय, ३६ वा आला. हिरोची फॅक्टरी टीम २०१६ मध्ये उभी राहिली. २०२४ च्या डकारमध्ये हिरोचा रॉस ब्रांच एकूण दुसरा आला आणि केरळच्या हरिथ नोहाने रॅली-२ वर्ग जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बालेवाडीला स्टेडियममध्ये माती टाकून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. खेळ वर पोहोचला होता. खालच्या पायरीला मात्र कितीतरी वर्षं काहीच नव्हतं.

ती पायरी आली १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी. हिरो एक्सपल्स २००. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं, पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर, किंमत लाखाच्या आसपास. आणि पॉवर? साडेअठरा हॉर्सपॉवरला जरा कमी. १९६८ च्या डीटी-१ इतकीच. यावेळीही लोक म्हणाले, पॉवर नाही. पण यावेळी गाडी टिकली. २०२० मध्ये तिचं रॅली किट आलं, सस्पेन्शन पुढे २५० मिलिमीटरपर्यंत गेलं. २०२२ मध्ये कंपनीने एक्सपल्सवरच गावोगावी नवख्यांची डर्ट स्पर्धा घेतली. आज कुठल्याही लहान स्पर्धेत नोव्हिस वर्गाच्या रांगेत उभे राहा, डावीकडे एक्सपल्स, उजवीकडे एक्सपल्स.

आणि २०२४ च्या शेवटी कावासाकीची केएलएक्स २३० आली. आधी सव्वातीन लाखांच्या वर, मग देशात बनू लागल्यावर दोन लाखांच्या घरात. वजन १३९ किलो, सस्पेन्शन पुढे-मागे २४०-२५० मिलिमीटर. पॉवर किती असेल? अठरा. मी स्पेसिफिकेशनचा तक्ता बघून एकटाच हसलो.

छप्पन्न वर्षं, तीन गाड्या, तोच आकडा. आता हा योगायोग आहे की नाही यावर मी वाद घालणार नाही, पण चिखलात पडल्यावर मला त्याचं कारण कळलंय. ओल्या मातीत मागच्या चाकाला पकडच थोडी असते. त्यापेक्षा जास्त ताकद दिली की चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा खणतं. नवखा माणूस घाबरून थ्रॉटल एकदम सोडतो, मग एकदम पिळतो. अशा वेळी हवं असतं ते कमी आरपीएमला न बंद पडणारं, न उसळणारं इंजिन. अनुभवी रायडर चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर वापरतो, कारण त्याचं मनगट सरावलेलं असतं. माझं मनगट कोड लिहितं.

मोठ्या चाकाचं कोडं तर मामाने सोडवलं. मी त्याला २१ इंचाचा फायदा भूमितीने समजावत होतो. तो म्हणाला, "बैलगाडीचं चाक का मोठं असतं मग?" विषय संपला.

आता वजन. डीटी-१ एकशे दहाच्या आसपास, तेही बिनपेट्रोलचं वजन. इम्पल्स १३४. केएलएक्स १३९. एक्सपल्स २०० साधारण १५५. नवी एक्सपल्स २१०, जी २०२५ मध्ये आली आणि जिची पॉवर जवळपास २५ आहे, ती १६८. मी आपटलेली गाडी दोनशेच्या घरात. म्हणजे केएलएक्स आणि त्या गाडीत दोन भरलेल्या गॅस सिलिंडरचा फरक. तुम्ही दोन सिलिंडर खांद्यावर घेऊन चिखलात किती फेऱ्या माराल? पडणं टळत नाही, नवख्याचं तर नाहीच. मग प्रश्न उरतो तो दहाव्यांदा उचलल्यावर अंगात किती जोर राहतो याचा. बहुतेक मनगटं, खांदे दमलेल्या अंगाने केलेल्या चुकीत मोडतात. पप्पांच्या हिशेबाचं उत्तर इथे होतं.

माझा पूर्ण हिशेब असा झाला. केएलएक्स मला सगळ्यात जास्त आवडली. पण नवी घेतली की दोन लाख तिथेच संपतात आणि बुटांना पैसे उरत नाहीत. मोटोक्रॉसचे बूट, चांगलं हेल्मेट, गुडघ्याचं आणि छातीचं संरक्षण, यासाठी मी ४५ हजार आधीच बाजूला काढलेत. त्याला हात लावायचा नाही, असं आईला वचन दिलंय. फक्त रेससाठीच्या, नंबरप्लेट न मिळणाऱ्या डर्ट बाईक मी विचारात घेतल्याच नाहीत. त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, प्रत्येक सरावाला टेम्पो लागतो, आणि आमच्या वैतरणाला टेम्पो बोलावणं म्हणजे अर्धा दिवस गेला. वाढीवची माणसं अजून रेल्वेच्या पुलावरून चालत स्टेशनला येतात, तिथे मी बाईकसाठी टेम्पोचं रडगाणं गायचं हेही बरं दिसत नाही. तर राहिली जुनी एक्सपल्स २००. मला दिसलेल्या जाहिरातींत ऐंशी हजार ते सव्वा लाख. हँडल, लिव्हर, फुटरेस्ट काहीही मोडलं तर सुटा भाग बोईसरला, पालघरला मिळतो, आणि लावणारा मेकॅनिकही. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी, गुठळ्यांचे टायर, हातांवर गार्ड. एवढं करून पहिला सीझन निघतो, असं चालवणारे सांगतात.

दोन सीझननंतर अठरा हॉर्सपॉवर कमी पडतील का? पडतील. लांब सरळ पट्ट्यावर आत्ताही पडतात. तेव्हा बघू.

एक विनंती मात्र आत्ताच करतो. सरावासाठी केळव्याच्या किनाऱ्यावर, मिठागरांच्या बांधांवर किंवा जंगलात गाड्या घालू नका. मिठागराचा एक बांध घालायला माणसं दिवसदिवस चिखल उपसतात. आमच्याकडे कापणीनंतर शेतमालकाला विचारलं तर तो हो म्हणतो, फक्त पेरणीआधी नांगरट करून द्यावी लागते. सोपा व्यवहार आहे.

तर येत्या शनिवारी बोईसरला एक एक्सपल्स बघायला जातोय. २०२१ ची आहे, एकाच मालकाची, मागचा मडगार्ड तुटलेला, म्हणजे बहुतेक मातीत फिरलेली. मामा बरोबर येतोय. मालकाला फोनवर विचारून ठेवलंय की गाडी मी आधी जमिनीवर आडवी करणार, मग एकट्याने उचलणार, असं पाच वेळा. तो जरा थांबला आणि म्हणाला, "चालवून नाही बघणार?" म्हटलं, ते नंतर.